‘खुनाचं राजकारण करू नका’ या वाक्यानं वाद का मिटत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सर सोलापुरातल्या एका महाविद्यालयात शिकवतात. त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर अमेरिकेतल्या एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीच्या खुनाची आणि पुढे तिच्या नावानं झालेल्या कायद्याची माहिती फिरली. खाली कुणीतरी लिहिलं, ‘एमआयडीसीत भरलेल्या परप्रांतीयांसाठी आपल्याकडेही असाच कायदा हवा.’ सरांनी उत्तर दिलं, ‘मृत्यूचं राजकारण करू नका.’ त्यावर दहा जण तुटून पडले: ‘म्हणजे आम्ही गप्प बसायचं?’ आता ते याच विषयावर वादविवाद स्पर्धा घेत आहेत. मुलांची तयारी कशी करून घ्यावी आणि ग्रुपवर काय लिहावं, हे त्यांना हवं आहे.

सर, सुरुवात त्या दहा जणांपासूनच करू. ‘गप्प बसायचं का?’ हा त्यांचा सवाल रास्त आहे आणि तुमच्या वाक्यात त्याला उत्तर नव्हतं. खुनानंतर लोक चिडतात, मागणी करतात आणि मागणीतून कधी कायदाही होतो. हे चालतंच, आणि पुष्कळदा चालायलाच हवं. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतल्या बसमधल्या अत्याचारानंतर माणसं रस्त्यावर उतरली म्हणून न्यायमूर्ती वर्मा समिती नेमावी लागली. समितीनं २९ दिवसांत अहवाल दिला आणि २०१३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. ते सगळं राजकारणच होतं आणि आज कुणी त्याला नावं ठेवत नाही. शिवाय ‘राजकारण करू नका’ हे वाक्य सर्वांत जास्त कुणाच्या तोंडी असतं ते पाहा. ज्याच्या कारभारात ती घटना घडली, त्याच्या. म्हणून हे वाक्य ऐकलं की लोकांना वाटतं, काहीतरी झाकायचं आहे. तुमचा हेतू तो नव्हता, पण शब्द तेच होते.

मुलांना पहिल्याच दिवशी सांगा की राजकारण करावं की करू नये यावर ही स्पर्धा घेण्यात काही अर्थ नाही. घासून बघायची गोष्ट एकच: या खुनाचा आधार घेऊन जी मागणी पुढे आली आहे, ती या खुनाला कुठं जोडली जाते का? गुन्हे आणि कोर्टाच्या बातम्या तपासताना मी ज्याला कडी शोधणं म्हणतो, ते हेच. कोऱ्या कागदावर सर्वांत खाली मृत्यू लिहायचा आणि तिथून एकेक पायरी मागं जायचं. आरोपी तिथं कसा पोचला? हत्यार कुठून आलं? आधी त्याच्यावर गुन्हा होता का, असला तर तो बाहेर कसा? त्या दिवशी कुणी काय करायला हवं होतं आणि केलं नाही? प्रत्येक पायरीपुढं जबाबदार खात्याचं नाव लिहायचं. मग शेजारच्या रकान्यात मागणी लिहायची आणि विचारायचं: ही मागणी आधीच मान्य झाली असती, तर यांतली कुठली कडी तुटली नसती? मागणी एखाद्या कडीला जाऊन भिडत असेल तर ती ऐकायला हवी, मग ती करणारा पक्ष आपल्याला आवडो न आवडो. आणि जी माणसं या साखळीत कुठंच नाहीत त्यांच्यावरच ती पडत असेल, तर ती मृत व्यक्तीच्या नावावर चालवलेली भलतीच मोहीम आहे.

तुमच्या ग्रुपवर फिरलेलंच प्रकरण या कसोटीला लावू. आरोपी व्हेनेझुएलाचा नागरिक. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यानं अमेरिकेची सीमा बेकायदा ओलांडली, पकडला गेला आणि पुढची कारवाई होईपर्यंत त्याला देशात सोडलं गेलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका लहान मुलाला धोक्यात घातल्याच्या आरोपावरून अटक झाली, तो सुटला. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यात दुकानातल्या चोरीबद्दल कारवाई झाली, त्यातूनही तो मोकळाच राहिला. २२ फेब्रुवारी २०२४ ला जॉर्जिया विद्यापीठाच्या आवारात धावायला गेलेल्या २२ वर्षांच्या मुलीचा त्यानं खून केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो दोषी ठरला आणि त्याला पॅरोलविना जन्मठेप झाली. पुढच्या जानेवारीत कायदा आला. सिनेटमध्ये ६४ विरुद्ध ३५ आणि प्रतिनिधीगृहात २६३ विरुद्ध १५६ मतांनी तो मंजूर झाला, म्हणजे विरोधी डेमोक्रॅट पक्षातल्या काहींनीही बाजूनं मत दिलं. २९ जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी सही केली, त्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीतला तो पहिला कायदा. बेकायदा राहणाऱ्या परदेशी माणसाला चोरी, घरफोडी, दुकानातली उचलेगिरी, पोलिसावर हल्ला अशा गुन्ह्यांत पकडलं, तर त्याला कोठडीत ठेवणं या कायद्यानं बंधनकारक केलं.

कडी लावून पाहा. दुकानातल्या चोरीनंतर तो कोठडीत असता, तर त्या सकाळी तिथं नसता. कडी जुळते, आणि हे मान्य न करता कुणी विरोधात बोलायला उभा राहिला तर तो पहिल्याच मिनिटाला हरेल. पण त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे: कोठडीसाठी दोष सिद्ध व्हावा लागत नाही, नुसती अटक पुरते. म्हणजे ज्यानं चोरी केलीच नाही, पण दुकानदारानं संशय घेतला, तोही आत. मागणी कडीला लागून पुढे कितीतरी लांब गेली. विरोधातल्या बाजूचा खरा मुद्दा हा आहे, ‘राजकारण झालं’ हा नाही.

दुसरं प्रकरण जास्त शिकवणारं आहे. १ जुलै २०१५, सॅन फ्रान्सिस्कोतला समुद्रकाठचा धक्का. वडिलांबरोबर चालणाऱ्या तरुणीला गोळी लागली आणि ती गेली. गोळी ज्याच्या हातून सुटली, त्याला पूर्वी पाच वेळा देशाबाहेर पाठवलं होतं. ‘ताबा आमच्याकडे द्या’ असं केंद्रीय इमिग्रेशन खात्यानं कळवलं असूनही शहराच्या तुरुंगानं एप्रिलमध्ये त्याला न कळवता सोडलं. ही एक तुटलेली कडी, आणि पुढच्या निवडणुकीत ती खूप गाजली. पण दुसरीही एक होती. ते पिस्तूल एका केंद्रीय अधिकाऱ्याचं होतं आणि चारच दिवस आधी त्याच्या गाडीतून चोरीला गेलं होतं. सरकारी पिस्तूल गाडीत सोडून जाण्याबद्दल किती भाषणं झाली? जवळपास नाहीत, कारण त्यात परका माणूस नव्हता. पुढे खटल्यात हेही आलं की गोळी जमिनीवर आपटून उसळली होती. ३० नोव्हेंबर २०१७ ला ज्युरीनं खून आणि सदोष मनुष्यवध दोन्हींतून त्याला सोडलं. शस्त्र बाळगल्याबद्दल मात्र दोषी धरलं आणि तोही निकाल पुढे अपिलात टिकला नाही. दोन-अडीच वर्षं ज्याला ‘खुनी’ म्हणून सभा झाल्या, तो कायद्याच्या भाषेत खुनी ठरलाच नाही. मुलांना सांगा, निकाल लागेपर्यंत ‘खुनी’ म्हणायचं नाही, ‘आरोपी’ म्हणायचं. हा नुसता सभ्यतेचा नियम नाही. उद्या निकाल उलटा लागला तर तुमचा अख्खा युक्तिवाद कोसळतो.

आता आपल्याकडे येऊ. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईत साकीनाक्याला एका स्त्रीवर अत्याचार होऊन तिचा मृत्यू झाला. आरोपी उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा. काही दिवसांत तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पोलिसांना सांगितलं की परराज्यांतून येणाऱ्यांची नोंद ठेवा, ते कुठून येतात, कुठं जातात ते पाहा. त्यावर भाजपनं टीकेची झोड उठवली आणि प्रकरण पोलीस तक्रारीपर्यंत गेलं. ही नोंदवही असती तर त्या रात्री काय थांबलं असतं? रस्त्यावर उभा टेम्पो, अपरात्रीची वेळ, गस्त, उजेड, मदतीला लागलेला वेळ, या सगळ्या कड्या आहेत आणि त्यांत आरोपीचा जिल्हा कुठंच येत नाही. उलट तपासाचं काम जिथं नीट झालं, तिथं फरक दिसला: आरोपपत्र १८ दिवसांत दाखल झालं आणि जून २०२२ मध्ये सत्र न्यायालयानं फाशीची शिक्षा सुनावली. या उदाहरणात विद्यार्थ्यांना पक्षांची अदलाबदलही दिसेल. अमेरिकेत जी भाषा एका बाजूची समजली जाते, ती इथं दुसऱ्याच पक्षाच्या तोंडी होती.

इथं एक भेद गोंधळात टाकतो, तो सुरुवातीलाच फळ्यावर लिहून टाका. अमेरिकेतला वाद दुसऱ्या देशाच्या, तेही परवानगीशिवाय राहणाऱ्या माणसांबद्दल आहे. तुमच्या ग्रुपवरची मागणी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातल्या माणसांबद्दल होती. ती भारताचे नागरिक आहेत. राज्यघटनेच्या १९(१)(ड) आणि (ई) या कलमांनी प्रत्येक नागरिकाला देशात कुठंही फिरण्याचा, राहण्याचा हक्क दिला आहे आणि त्यावरचे निर्बंध वाजवीच असावे लागतात. ‘असाच कायदा इथं’ हे शब्दशः शक्य नाही, कारण इथं हद्दपार करायला परका देशच नाही. कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या परदेशी माणसासाठी वेगळा कायदा आहे, त्याला १९व्या कलमाचं संरक्षण नाही. तेव्हा वक्त्यानं ‘उपरे’, ‘परप्रांतीय’, ‘घुसखोर’, ‘बांगलादेशी’ हे शब्द एकाच वाक्यात ओतले, तर परीक्षकानं तिथंच थांबवून विचारावं, ‘नक्की कुणाबद्दल बोलताय?’

मग सोलापुरातली न्याय्य मागणी कशी दिसेल? समजा, औद्योगिक वसाहतीत काही वाईट घडलं. ठेकेदाराकडे कामगारांची खरी यादी होती का? परराज्यातून माणसं आणणाऱ्या ठेकेदारानं त्यांच्या नोंदी ठेवाव्यात, ही जबाबदारी १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यापासून चालत आली आहे. खोली भाड्यानं देताना घरमालकानं भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली का? रात्रपाळी सुटल्यावर बायका ज्या रस्त्यानं चालत जातात, तिथं दिवे आहेत का? या मागण्या घेऊन पूनम गेटसमोर धरणं धरून बसलं तर ते शंभर टक्के राजकारण असेल आणि मी त्याला पाठिंबा देईन. त्यांचा गुण असा की त्या माणूस कुठला हे न विचारता सगळ्यांना लागू होतात. घरमालकाची माहिती देण्याची जबाबदारी अक्कलकोटच्या भाडेकरूसाठीही तीच आणि आझमगढच्या भाडेकरूसाठीही तीच.

आता आकड्यांकडे, कारण सगळे वाद शेवटी तिथं येऊन अडतात. ‘बाहेरचे लोक जास्त गुन्हे करतात’ हे विधान खोटंच असतं असं मी म्हणणार नाही. जागा, काळ, गुन्ह्याचा प्रकार यांवर ते अवलंबून आहे. पण ते ठरवायची रीत आहे. एक कल्पित गणित मुलांकडून सोडवून घ्या. समजा, एका वस्तीत २,००,००० माणसं, त्यांतली २०,००० बाहेरून आलेली, म्हणजे दहा टक्के. वर्षात १० खून झाले आणि २ मध्ये आरोपी बाहेरचे, म्हणजे वीस टक्के. लगेच मथळा तयार: ‘दुप्पट!’ पण कामासाठी येणारी बहुतेक माणसं तरुण पुरुष असतात, आणि जगात कुठंही हिंसक गुन्हे जास्त करून तरुण पुरुषच करतात. बाहेरच्या २०,००० मध्ये १८ ते ४० वयाचे पुरुष १५,००० धरा. स्थानिक १,८०,००० मध्ये त्याच वयाचे पुरुष ३६,००० धरा. एकूण ५१,००० झाले, त्यांत बाहेरचे सुमारे २९ टक्के. आता तेच वीस टक्के कमी भरले. शिवाय दहाच खून असताना एक प्रकरण इकडचं तिकडं झालं की वीसचे तीस टक्के होतात. इतक्या लहान संख्येवर कुणी ठाम विधान केलं, तर कुठल्याही बाजूचं असलं तरी ते बाद.

तुरुंगातली आकडेवारी दाखवणाराही एक जण हमखास निघतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंगांबद्दलच्या अहवालात कैदी त्याच राज्यातले किती, परराज्यातले किती हे असतं. मात्र त्यात जामिनाचा परिणाम मिसळलेला असतो. परगावच्या माणसाला ऐपतदार जामीनदार मिळत नाही, म्हणून त्याच गुन्ह्यात स्थानिक आरोपी घरी जातो आणि बाहेरचा आत राहतो. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश या १९७८ च्या खटल्यात हेच झालं होतं. गवंडीकाम करणाऱ्या माणसाकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याचा जामीन नाकारला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही पद्धत चूक ठरवली. खालच्या पातळीवर अडचण आजही तीच आहे, त्यामुळे तुरुंगातल्या कैद्यांच्या प्रमाणावरून गुन्ह्यांचं प्रमाण काढता येत नाही.

मग भरवशाचं काय? अमेरिकेत टेक्सास राज्य अटक झालेल्याचा इमिग्रेशनचा दर्जा नोंदवतं, म्हणून तिथं तुलना शक्य होते. त्या नोंदींवरचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की कागदपत्रांशिवाय राहणाऱ्यांचं गंभीर गुन्ह्यांतल्या अटकेचं प्रमाण तिथं जन्मलेल्या नागरिकांपेक्षा कमी आहे. हा आकडा सोलापूरला लागू करू नका, तो टेक्सासचा आहे. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा अहवाल देशात २८,५२२ खुनांची नोंद दाखवतो. त्यांतल्या ९,९६२ मागं भांडणतंटा आणि ३,७६१ मागं वैयक्तिक वैर ही कारणं दिली आहेत. जमीन, पैसा, घर, जुनं वैर. खून बहुधा ओळखीच्या वर्तुळातच होतात, आणि त्यामुळेच अनोळखी परक्या माणसानं केलेला खून जास्त गाजतो. तो दुर्मिळ म्हणून बातमी होतो आणि बातमी झाला म्हणून सरसकट वाटू लागतो.

ही झाली डोक्याची बाजू. पण माणसं आकड्यांनी भडकत नाहीत, पहिल्या दिवशीच्या अफवेनं भडकतात. २९ जुलै २०२४ ला इंग्लंडमधल्या साउथपोर्टमध्ये नाचाच्या वर्गात तीन लहान मुली मारल्या गेल्या. हल्लेखोर होडीतून आलेला निर्वासित आहे असं सांगणारं एक खोटं नाव काही तासांत पसरलं. दुसऱ्या संध्याकाळी गावातल्या मशिदीवर हल्ला झाला, आठवड्याभरात निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलांपर्यंत दंगल पोचली. आरोपी कार्डिफमध्ये जन्मलेला होता. तो १७ वर्षांचा, त्यामुळे कायद्यानं नाव बाहेर येत नव्हतं, आणि ती पोकळी अफवेनं भरली. न्यायाधीशांनी १ ऑगस्टला नाव जाहीर करायला परवानगी दिली, पण तोवर वेळ गेली होती. यातून मी असा निष्कर्ष काढतो: आरोपी कुठला हे लपवल्यानं सलोखा टिकतो, हा समज चुकीचा आहे. कायदा आडवा येत नसेल तर माहिती लवकर, एकदा, साधी सांगावी. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये पोलिसांना दिलेल्या सूचनाही त्याच दिशेनं गेल्या. फक्त ती मथळ्यात नाचवू नये. मथळ्यासाठी एक सोपी तपासणी आहे. पुण्यात एखाद्या खुनात आपल्या जिल्ह्यातला पोरगा आरोपी निघाला आणि तिथल्या पेपरनं ‘सोलापूरच्या तरुणाकडून खून’ असा मथळा दिला, तर हडपसर-चाकणला खोली शोधणाऱ्या आपल्या पोरांचं काय होईल? ते चालणार नसेल तर इथंही चालू नये.

आणि सोलापूरच्या माणसाला ही गोष्ट परदेशातून शिकायची गरजच नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते आणि त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्या गावासाठी परके कोण होते? आपलीच माणसं. तिथं तर खूनही झालेला नव्हता, फक्त मोबाइलवर फिरणारी भीती होती. तीन आठवड्यांच्या आत व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. आज भारतीय न्याय संहितेच्या १०३(२) कलमात पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे. ‘जन्मस्थान’ आणि ‘भाषा’ हे दोन शब्द मुलांकडून अधोरेखित करून घ्या. कलम १९६ त्याच कारणांवरून वैर पसरवणाऱ्या मजकुरालाही लागतं, म्हणजे ग्रुपवर पुढे ढकलणाराही त्यातून आपोआप सुटत नाही.

कुटुंबाचं मत अंतिम मानावं का, हा प्रश्न स्पर्धेत नक्की येईल. २०१८ मध्ये आयोवा राज्यात धावायला गेलेल्या २० वर्षांच्या विद्यार्थिनीचा खून झाला, आरोपी मेक्सिकोचा, डेअरीवर काम करणारा. तिच्या वडिलांनी तिथल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला की माझ्या मुलीच्या मृत्यूचा वापर तिला न पटणाऱ्या विचारांसाठी करू नका. उलट जॉर्जियातल्या मुलीची आई कायद्याच्या बाजूनं उभी राहिली, आणि त्याच मुलीच्या वडिलांनी मात्र मुलीच्या मृत्यूचा मतांसाठी वापर होतोय याचा संताप बोलून दाखवला होता. एकाच घरात दोन मतं. माझं म्हणणं असं: नाव, फोटो, शेवटच्या क्षणांचं वर्णन यांवर कुटुंबाचा शब्द शेवटचा. पण धोरण बरोबर की चूक हे त्यांच्या दुःखावरून ठरत नाही, कुठल्याच बाजूनं नाही. आपल्याकडे लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे, मृत्यूनंतरही. स्पर्धेत म्हणून नियम ठेवा: मृत व्यक्तीचं नाव नाही, जखमांचं वर्णन नाही, स्थळ आणि साल पुरे. मागणीच्या बाजूनं बोलणाऱ्या मुलांना हे सुरुवातीला जाचेल, पण वर्णन काढून घेतलं की युक्तिवादात किती जीव उरतो ते त्यांचं त्यांनाच कळतं.

स्थानिक प्रकरणावर बोलायची वेळ आली तर माहिती मिळवायची पद्धतही मुलांना दाखवा. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रसिद्ध केलेले एफआयआर पाहता येतात. लैंगिक गुन्हे, मुलांचे गुन्हे असे संवेदनशील मात्र नसतात. खटला सुरू झाला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रत्येक खटल्याला मिळणाऱ्या सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांकावरून तारखा आणि आदेश कळतात. खुनाच्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असेल तर ९० दिवसांत आरोपपत्र यावं लागतं, नाहीतर त्याला जामीन मागता येतो. चिडलेल्या लोकांनी लक्ष ठेवावं अशी ती तारीख आहे, आणि मोर्चा संपल्यावर तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. ‘आरोपीची कबुली’ अशी बातमी आली तर सावध: पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. कुटुंबाला भरपाई हवी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. ते कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं आणि मदत मोफत मिळते. ग्रुपमधल्या दहा जणांपैकी दोघांनी एवढं केलं, तरी ते दोनशे संदेशांपेक्षा उपयोगी पडेल.

स्पर्धेची मांडणी मी अशी करेन. ‘खुनाचं राजकारण योग्य आहे का’ हा विषय बदला आणि ‘एका खुनावरून स्थलांतराचा कायदा बदलणं योग्य आहे’ असा ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना धरायला काहीतरी ठोस मिळेल. पाच मिनिटांचं भाषण असेल तर पहिलं मिनिट स्थलांतरित कोण, कुठला कायदा, हे सांगण्यात जावं, दोन मिनिटं एकाच प्रकरणाची साखळी उलगडण्यात, आणि उरलेल्यात विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा स्वतःहून घेऊन त्याला उत्तर. चार प्रकरणं उडत उडत सांगणाऱ्याला कमी गुण द्या. चिठ्ठी काढून बाजू स्पर्धेच्या अर्धा तास आधीच ठरवा, म्हणजे प्रत्येकाला दोन्हीची तयारी करावी लागेल. आणि तयारीच्या तासाला वर्गात एक विचारा: पणजोबा सोलापुरातच जन्मले अशी किती मुलं आहेत? १८७७ च्या जुन्या गिरणीपासून या शहरात माणसं कामासाठीच येत राहिली. मागावर बसायला तेलंगणातून आलेले पद्मशाली, सीमेपलीकडून आलेले कन्नड भाषक, आणि दर हंगामात जिल्ह्याच्या साखर कारखान्यांवर मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड टोळ्या. हात मोजून झाले की भाषण न देता पुढचा विषय घ्या.

ग्रुपवर आता नव्यानं लिहायचं असेल तर एवढं लिहा: ‘काल मी “राजकारण करू नका” म्हटलं ते चुकलं. बोलायलाच हवं. जॉर्जियातल्या प्रकरणात आरोपी आधी गुन्ह्यांत दोनदा हाती लागून सुटला होता, तिथली चूक खरी होती. आपण इथं काय मागतोय ते ठरवू. ठेकेदारांच्या नोंदी, भाडेकरूंची माहिती, रात्रपाळीच्या रस्त्यावर दिवे, हे मागायला मी तुमच्याबरोबर येतो. सगळ्या बिहाऱ्यांना हाकला म्हणायला येणार नाही, कारण त्यातल्या कुणीही तो खून केलेला नाही. रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात बसून निवेदन लिहू या का?’